फांदीच्या खुंटाचं जाळं

काल रात्री आंबोलीत पोल्टिस या गटातली कोळीण सापडली! दिवसा ही कोळीण वाळक्या काटकीला चिकटून पाय आवळून बसते, तेव्हा मोडक्या फांदीचा खुंटच वाटते. अंधार पडला की उठते आणि जाळं विणायला घेते.

विणकाम पूर्ण बघायला मिळालं. आधी आरे, म्हणजे चाकासारखे मधून कडेला जाणारे धागे. मग मधून बाहेर गोल गोल फिरत जाणारा कोरडा, तात्पुरता धागा, म्हणजे बांधकामाची परांचीच. मग बाहेरून आत येत चिकट धागा घालायचा आणि येता येता परांची काढत जायची. दोन फेऱ्यांमधलं अंतर ती पायांनी मोजते. पोल्टिसचे आरे आणि फेरे इतके दाट की समोरून फ्लॅश मारला तर फोटोत नुसतं धुकं येतं. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून बाजूला, थोडा मागे धरला, तेव्हा कुठे धागे सुटे दिसले.

जाळ्यावर पाणी किंवा पीठ मारून फोटो काढणारे असतात, मला ते पटत नाही. तिची रात्रभराची शिकार जाते हो! तसंही पहाटेआधी ती जाळं गुंडाळून खाऊन टाकते, रेशमातलं प्रथिन पुन्हा वापरायला.

प्रजाती विचारू नका. मादीचं जननांग सूक्ष्मदर्शकाखाली न बघता सांगणं धाडसाचं. फोटो कमेंटमध्ये टाकतोय.