वाफेला सुट्टी नव्हती

गेल्या फेब्रुवारीत माझे यजमान कामानिमित्त आठवडाभरासाठी नॉर्वेला गेले. पहाटे त्यांची टॅक्सी निघून गेल्यावर बऱ्यापैकी ऊन पडलेले पाहून मी चादरी आणि टॉवेल धुऊन मागच्या अंगणातल्या दोरीवर वाळत घातले, कारण इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या या हल शहरात फेब्रुवारीत ऊन पडणे ही सणासारखीच गोष्ट असते. शेजारच्या आजी, ज्या आता नव्वदीकडे झुकल्या आहेत, कुंपणापलीकडून थोडा वेळ बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "आजच गेले ना ते? मग आज धुणे काढायला नको होते. कपड्यांबरोबर माणूसही धुऊन निघतो." आमटीत मीठ कमी आहे हे सांगावे इतक्या साध्या सुरात त्या हे बोलल्या. त्यांचे वडील कोळशावर चालणाऱ्या मासेमारी ट्रॉलरवर, म्हणजे तळावरून जाळे ओढत मासे धरणाऱ्या बोटीवर, भट्टीपाशी कामाला होते, आणि वडिलांची बोट सुटायची त्या दिवशी त्यांची आई धुण्याला हात लावत नसे, दारात उभी राहून हात हलवत नसे आणि घरात डुकराचे नावही काढू देत नसे.

मी रत्नागिरीची आहे. समुद्रावर जाणाऱ्यांच्या घरचे विधिनिषेध मला नवे नाहीत. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर होड्या वाळूवर ओढून, झावळ्यांनी शाकारून ठेवतात, १ जून ते ३१ जुलै सरकारी मासेमारीबंदीही असते, आणि नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ वाहिल्यावाचून समुद्राशी पुन्हा व्यवहार सुरू होत नाही. म्हणजे आपला समुद्र माणसाला वर्षातून एकदा सक्तीने घरी बसवतो. हलच्या ट्रॉलरांविषयी गेली काही वर्षे जे वाचले आणि आजींकडून जे ऐकले, त्यातून माझ्या मनात राहिले ते हेच, की इथल्या माणसांनाही अशी सुट्टी एके काळी होती आणि ती वाफेने काढून घेतली.

ती सुट्टी वारा देत असे. शिडाच्या जुन्या मासेमारी बोटी लांब लाकडी दांड्याला बांधलेले पिशवीसारखे जाळे समुद्राच्या तळावरून ओढत, आणि ते ओढण्याची ताकद वाऱ्याची असल्यामुळे वारा पडला की मालकाने कितीही आदळआपट केली तरी जाळे जागचे हलत नसे. १८७७ साली नॉर्थ शील्ड्सच्या विल्यम पर्डी यांनी आपल्या 'मेसेंजर' नावाच्या चाकांच्या वाफेच्या टगला, म्हणजे मोठी जहाजे ओढणाऱ्या बोटीला, काम मिळेनासे झाल्यावर जाळे बांधून पाहिले. लोक आधी हसले आणि मासे बघून गप्प झाले. चारच वर्षांनी, १८८१ मध्ये, हलच्या अर्ल्स गोदीत ग्रिम्सबीच्या एका कंपनीसाठी 'झोडियॅक' ही खास मासेमारीसाठीच बांधलेली, पाण्याखालच्या पंख्याने चालणारी वाफेची बोट पाण्यात उतरली. पुढे १८९० च्या दशकात जाळ्याच्या तोंडाशी दोन जड लाकडी फळ्या लावण्याची युक्ती निघाली. बोट चालू लागली की पाण्याच्या दाबाने या फळ्या एकमेकींपासून दूर जातात आणि जाळ्याचे तोंड आपोआप फाकते, त्यामुळे लाकडी दांड्याची गरज संपली आणि जाळी कितीतरी मोठी झाली. इंजिनाला वाऱ्याशी देणेघेणे नव्हते, त्याला फक्त कोळसा लागत होता. कोळसा विकत आणलेला असतो, आणि विकत आणलेली वस्तू जळत असताना माणसे बसून राहिलेली कोणत्याही मालकाला बघवत नाहीत.

हलच्या हेसल रोडजवळ १८८३ मध्ये उघडलेली सेंट अँड्र्यूज गोदी हे या धंद्याचे घर होते. सुरुवातीला बोटी उत्तर समुद्रातच ताफ्याने मासेमारी करत. प्रत्येक बोट आपली मासळी खोक्यांत भरे, ती खोकी वल्ह्यांच्या लहान होडीत उतरवून भर समुद्रात दुसऱ्या वेगवान बोटीपर्यंत पोचवली जात, आणि ती बोट तडक लंडनच्या बिलिंग्जगेट बाजाराकडे धावे. मासळी ताजी पोचावी म्हणून माणसांना उंच लाटांत त्या होडीत उतरवायचे, ही पद्धत वाचताना मला पुन्हा पुन्हा थांबावे लागले. याच ताफ्यांपैकी एकावर २१ ऑक्टोबर १९०४ च्या रात्री डॉगर बँक या उथळ भागात जपानशी लढायला निघालेल्या रशियाच्या बाल्टिक आरमाराने तोफा डागल्या. जपानच्या टॉर्पेडो बोटी आपल्या वाटेवर दबा धरून बसल्या आहेत अशी धास्ती त्यांनी घेतली होती, आणि दिसल्या त्या हलच्या मासेमारी बोटी. 'क्रेन' नावाचा ट्रॉलर बुडाला आणि त्याचा कप्तान जॉर्ज स्मिथ मारला गेला. हेसल रोडवर हात उंचावून उभा असलेला त्याचा पुतळा १९०६ पासून आहे, आणि मी बसची वाट बघत बऱ्याचदा त्याच्या आसपास उभी असते. हेच आरमार पुढे आफ्रिकेला वळसा घालून, हिंदी महासागर ओलांडून गेले आणि मे १९०५ मध्ये त्सुशिमाच्या लढाईत जपानने त्याचा निकाल लावला. शाळेत आपण तो विजय आशियाच्या आत्मविश्वासाची खूण म्हणून शिकलो, पण त्या प्रवासाच्या सुरुवातीला मासे साफ करणारी माणसे मेली होती हे मला हलला येईपर्यंत ठाऊक नव्हते.

उत्तर समुद्रातली मासळी कमी पडू लागल्यावर बोटी आइसलँड आणि नॉर्वेच्याही उत्तरेकडचे बेअर बेट व बॅरेन्ट्स समुद्र यांच्याकडे वळल्या, फेरी तीन आठवड्यांची झाली आणि दोन फेऱ्यांच्या मधे घरी मिळू लागले ते जेमतेम तीन दिवस. खलाशी त्या तीन दिवसांत हातचा पैसा असा उडवत की लोक त्यांना 'तीन दिवसांचे लक्षाधीश' म्हणत. जाळे टाकायचे, काही तास ओढायचे आणि मग बोट वाऱ्याला आडवी ठेवून वाफेच्या रहाटाने वर घ्यायचे. जाळ्याची शेवटची पिशवी डेकवर अधांतरी लोंबत असताना एक माणूस तिच्याखाली वाकून गाठीची दोरी ओढे आणि बाजूला उडी मारे, की घोट्यांपासून गुडघ्यांपर्यंत कॉड आणि हॅडक. मग उघड्या डेकवर, दिव्यांच्या उजेडात, प्रत्येक मासा डाव्या हातात धरून पोट चिरायचे, आतडी समुद्रात, काळीज टोपलीत, मासा धुऊन खालच्या बर्फात. ती काळिजे बोटीवरच कढवून तेल काढले जाई. शार्क लिव्हर आणि कॉड लिव्हर तेलाच्या चमच्याला नाक मुरडलेल्या आपल्या पिढीने हे एकदा तरी लक्षात घ्यावे. डेकवर दिवसाचे अठरा तास काम होई. मासे मिळत असले तर मिळताहेत म्हणून, आणि मिळत नसले तर मिळत नाहीत म्हणून झोप नसे.

आजींचे वडील मात्र डेकवर नव्हते, खाली होते. आपल्या रत्नागिरीकडे बोटीवर जाऊन आलेल्या माणसांच्या तोंडी 'आगवाला' हा शब्द असे, तेच त्यांचे काम. कोळसा वखारीतून फावड्याने भट्टीच्या दारापाशी आणायचा, भट्टीत सारखा पसरायचा, खंगर ओढून बाहेर काढायचे, राख वर नेऊन समुद्रात टाकायची, आणि हे सर्व बोट एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर लोळत असताना. वर बर्फ पडत असताना ते बनियनवर घामाघूम असत. घरी आल्यावर त्यांच्या कानामागची काळी रेघ तीन दिवसांत कधीच पूर्ण निघत नसे, आणि ती निघायच्या आत ते परत जात. आजींना वडिलांचा चेहरा आठवतो त्याहून ती रेघ स्पष्ट आठवते.

दोन्ही महायुद्धांत याच बोटी आरमाराने ताब्यात घेऊन सुरुंग काढण्याच्या कामाला लावल्या, कारण तळावरून काहीतरी ओढत नेण्यात यांच्याइतके तरबेज कोणी नव्हते. या प्रकारची एक बोट आपल्या किनाऱ्यावरही येऊन गेली. १९२१–२२ मध्ये मुंबई सरकारने 'विल्यम कॅरिक' हा वाफेचा ट्रॉलर आणून मुंबईच्या समुद्रात तळाच्या मासळीची पाहणी करवली होती.

आता बुडण्याविषयी. माझा समज असा होता की बोटी वादळात लाटांनी फुटतात, पण आर्क्टिकमध्ये बोटीला मारतो तो बर्फ. गोठणबिंदूच्या कितीतरी खाली गेलेल्या हवेत वाऱ्याने उडालेला पाण्याचा प्रत्येक शिंतोडा दोर, तारा, डोलकाठी, कठडे, सुकाणूघराचे छप्पर जिथे पडेल तिथे गोठतो, बोटभर जाडीची तार मांडीएवढी होते, आणि हे सर्व वजन बोटीच्या वरच्या अंगाला साठत गेल्यामुळे बोट डोईजड होते. मग ती एका बाजूला कलली की परत उठायला वेळ घेते, पुढच्या लाटेला आणखी वेळ घेते, आणि एकदा उठतच नाही. यावर उपाय म्हणजे कुऱ्हाडी, लोखंडी पहारी आणि हाताला येईल ते घेऊन बर्फ फोडत राहणे.

जानेवारी १९५५ मध्ये आइसलँडच्या उत्तरेला 'किंग्स्टन गार्नेट' या ट्रॉलरच्या पंख्यात तार अडकली, म्हणून हलच्याच 'लोरेला' आणि 'रोडेरिगो' या दोन बोटी तिच्या मदतीला म्हणून त्या वादळाकडे गेल्या. 'किंग्स्टन गार्नेट'ने स्वतःच तार सोडवली आणि ती सुटली. मदतीला गेलेल्या दोघी मात्र वाऱ्याकडे तोंड करून तिथेच अडकल्या, कारण वळायचे म्हटले तर त्या वजनानिशी बोट आडवी येणार होती. दोन्ही बोटींवरची माणसे दिवसरात्र बर्फ फोडत राहिली. २६ जानेवारीला दुपारी 'लोरेला' उलटली. 'रोडेरिगो'च्या बिनतारी यंत्रावरून काही तासांनी आलेल्या शेवटच्या संदेशात बोट उलटत असल्याचे शब्द पुन्हा पुन्हा आले आणि मग यंत्र बंद पडले. प्रत्येकीवर वीस, असे चाळीस जण गेले. त्यानंतर बोटींच्या प्रतिकृती करून, त्यांच्यावर बर्फाचे वजन चढवून प्रयोग झाले. प्रयोग आवश्यकच होते, पण त्या हवेत त्या बोटींनी तिथे मुळात असावे का, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारा नव्हता.

तो प्रश्न विचारला तेरा वर्षांनी बायकांनी. १९६८ च्या जानेवारी–फेब्रुवारीत 'सेंट रोमॅनस', 'किंग्स्टन पेरिडॉट' आणि 'रॉस क्लीव्हलँड' या १९४८ ते १९५० दरम्यान बांधलेल्या हलच्या तीन बोटी साडेतीन आठवड्यांत गेल्या आणि ५८ माणसे मेली. 'सेंट रोमॅनस' १० जानेवारीला बंदरातून निघाली तेव्हा तिच्यावर बिनतारी यंत्र चालवणारा माणूसच नव्हता, त्यामुळे तिचा आवाज बंद झाला हे लक्षात यायलाच दोन आठवडे उलटले. मासळीच्या कारखान्यात माशांची कातडी काढणाऱ्या लिलियन बिलोका यांनी दहा हजार सह्या गोळा केल्या, बिनतारीवाला नसलेली बोट सुटू नये म्हणून गोदीच्या काठावर पोलिसांशी झटापट केली आणि इतर बायकांबरोबर लंडनला जाऊन मंत्र्यांसमोर मागण्या ठेवल्या. प्रत्येक बोटीवर बिनतारीवाला, ताफ्याबरोबर वैद्यकीय सोय असलेले जहाज, धोक्याच्या हवेत बंदी, अशा गोष्टी त्यांनी काही दिवसांत पदरात पाडून घेतल्या. स्वतः बिलोका यांची नोकरी गेली, निनावी शिव्यांची पत्रे आली आणि या धंद्यात त्यांना पुन्हा कोणी काम दिले नाही. घरात बसून जाळी विणणाऱ्या बायकांना समुद्रातले काय कळते, असे त्या काळी म्हणणारेही होते. जाळ्यातल्या प्रत्येक गाठीची मजुरी ज्यांच्या बोटांनी घेतली होती, त्यांना हे ऐकवले गेले.

मला सर्वांत जास्त खटकते ती मात्र हिशेबाची गोष्ट. खलाशी प्रत्येक फेरीपुरता नेमलेला, म्हणजे कागदोपत्री 'हंगामी' मजूर होता, मग तो तीस वर्षे त्याच मालकाकडे का जाईना. सेंट अँड्र्यूज गोदी १९७५ मध्ये बंद झाली, १९७६ मध्ये आइसलँडने आपली दोनशे मैलांची मासेमारीची हद्द ब्रिटनकडून मान्य करून घेतली आणि धंदा बसला, तेव्हा या माणसांना नुकसानभरपाई नाही, कारण हंगामी माणसाला कामावरून काढताच येत नाही. ते हंगामी नव्हते हे सरकारने मान्य करून भरपाईची योजना जाहीर केली २००० साली. तोवर कितीतरी जण गेले होते. हलहून गेलेले आणि परत न आलेले सुमारे ६,००० लोक मोजले जातात. त्यांच्या स्मरणार्थ नदीकाठी पोलादी पत्र्यातून कापलेल्या खलाशांच्या आकृत्या उभ्या केल्या आहेत, आणि शेजारी गोदीच्या जुन्या दारात आता गाळ आणि गवत आहे.

हलमध्ये पर्यटकांना दाखवायला जतन केलेली ट्रॉलर बोट 'आर्क्टिक कोर्सेअर' डिझेलची आहे. वाफेची बघायची तर दक्षिण ध्रुवाकडे, साउथ जॉर्जिया बेटावरच्या ग्रिटव्हिकेनला जावे लागते. १९०६ मध्ये हलजवळच्या बेव्हर्लीत बांधलेली 'व्हायोला' तिथे किनाऱ्याला लावलेली आहे. हलच्या ताफ्यात मासेमारी, पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा पाठलाग, मग नॉर्वेजियन मालकांकडे देवमासे, मग अर्जेंटिनाच्या कंपनीकडे 'दियास' या नावाने सील, आणि शेवटी गंज, असे तिचे आयुष्य. तिचे वाफेचे इंजिन अजून आत जागच्या जागी आहे. मागच्या रविवारी मी आजींना फोनवर तिची छायाचित्रे दाखवली. डोलकाठी, सुकाणूघर, तांबूस झालेला पत्रा त्यांनी पटापट मागे सारला. भट्टीच्या दारांचे छायाचित्र आले तेव्हा त्यांनी चष्मा पुसला, ते मोठे करायला सांगितले, आणि बराच वेळ बघून विचारले, "फावडे कुठे ठेवलेय यांनी?"