तुम्ही विचारलंत म्हणून : हा जॉन्सन तोच का?

अमेरिकेच्या इतिहासावर मराठीत काही लिहिलं की एक प्रश्न हटकून येतो. लिंकननंतर जॉन्सन, केनेडीनंतरही जॉन्सन. हे एकाच घरातले का? बिल क्लिंटन आणि एरी कालवा खोदवून घेणारा न्यूयॉर्कचा गव्हर्नर डिविट क्लिंटन यांचं काही नातं? दोन डग्लस, दोन मॅकार्थी, गृहयुद्धात दोन्ही बाजूंना जेफरसन डेव्हिस, हा काय प्रकार? आणि त्यामागोमाग व्हॉट्सअ‍ॅपवरची ती लिंकन-केनेडी योगायोगांची यादी येतेच.

आधी यादीचा निकाल लावू. अँड्र्यू जॉन्सनचा जन्म २९ डिसेंबर १८०८ चा आणि लिंडन जॉन्सनचा २७ ऑगस्ट १९०८ चा, हे खरं. दोघंही दक्षिणेतले, दोघंही उपाध्यक्ष, दोघांनाही अध्यक्षाचा खून झाल्यामुळे खुर्ची मिळाली, हेही खरं. लिंकन १८४६ मध्ये प्रतिनिधिगृहावर निवडून आला, केनेडी १९४६ मध्ये. केनेडीच्या सेक्रेटरी एव्हलिन लिंकन होत्या. इथवर ठीक. पण ‘लिंकनच्या सेक्रेटरीचं नाव केनेडी’ ही थाप. त्याचे मुख्य सेक्रेटरी जॉन निकोले आणि जॉन हे. लिंकनचा मारेकरी बूथ याचं जन्मसाल यादीत १८३९ असतं, कारण केनेडीचा मारेकरी ऑस्वाल्ड याच्या १९३९ शी ते जुळवायचं असतं. बूथ प्रत्यक्षात १० मे १८३८ चा. बूथ ‘गोदामात’ सापडला असंही लिहितात. तो सापडला व्हर्जिनियातल्या एका शेतावर, तंबाखू सुकवायच्या कोठारात. म्हणजे जुळत नाही तिथं ठाकून ठोकून जुळवलेलं आहे. शिवाय जॉन्सन हे आडनाव तिकडे आपल्या पाटील-जाधवांइतकं पसरलेलं. शंभर वर्षांत दोन जॉन्सन अध्यक्ष झाले यात नवल करण्यासारखं फारसं नाही, आणि या दोघांचं नातं तर नाहीच.

क्लिंटनांचं मात्र सविस्तर सांगतो, कारण तिथं सारख्या नावानं एका माणसाचा जीव घेतला.

न्यूयॉर्क ब्रिटिश वसाहत असताना १७४३ ते १७५३ या काळात तिथला गव्हर्नर होता जॉर्ज क्लिंटन. स्वातंत्र्य जाहीर झाल्यावर राज्याचा पहिला गव्हर्नर निवडून आला, तोही जॉर्ज क्लिंटन. पहिल्याचा मुलगा सर हेन्री क्लिंटन ब्रिटिश सेनापती झाला. दुसरा जॉर्ज आणि त्याचा भाऊ जेम्स अमेरिकन सैन्यात सेनापती होते. ६ ऑक्टोबर १७७७ रोजी हडसन नदीकाठचे माँटगोमेरी आणि क्लिंटन हे दोन किल्ले हेन्री क्लिंटननं घेतले, तेव्हा आत लढणारे होते हे दोघे क्लिंटन भाऊ. ते निसटले. दोन दिवसांनी हेन्रीनं उत्तरेत अडकलेल्या ब्रिटिश सेनापती बर्गॉइनला चिठ्ठी लिहिली : आम्ही इथवर पोचलो, आता आपल्यामध्ये फक्त गेट्स (अमेरिकन सेनापती) उरला आहे. चिठ्ठी चांदीच्या पोकळ, अंडाकृती गोळीत घातली. ही गोळी मधोमध फिरवून उघडायची. ती घेऊन डॅनियल टेलर निघाला. वाटेत त्याला लाल डगलेवाले शिपाई भेटले. आपलेच समजून त्यानं सांगितलं, मला जनरल क्लिंटनकडे न्या. त्यांनी नेलं. पण ते शिपाई अमेरिकन होते, अंगावर ब्रिटिशांकडून पकडलेले कपडे, आणि त्यांचा जनरल क्लिंटन म्हणजे जॉर्ज. समोर भलताच क्लिंटन दिसल्याबरोबर टेलरनं गोळी गिळली. ओकारीचं औषध दिल्यावर ती बाहेर आली. त्यानं ती झडप घालून पुन्हा गिळली. फासावर चढवून पोट फाडीन, अशी धमकी मिळाल्यावर त्यानं दुसऱ्यांदा औषध घेतलं. चिठ्ठी वाचली गेली आणि टेलरला त्याच महिन्यात फाशी झाली. बर्गॉइननं १७ ऑक्टोबरला साराटोगा इथं शस्त्रं खाली ठेवली.

पुढे हाच जॉर्ज जेफरसन आणि मॅडिसन या दोघांचा उपाध्यक्ष झाला. डिविट हा त्याचा पुतण्या, म्हणजे जेम्सचा मुलगा. बिल क्लिंटनचा या कुळाशी संबंध लावायला जाऊ नका. तो जन्मानं ब्लाइद. क्लिंटन हे त्याच्या सावत्र वडिलांचं आडनाव.

जेफरसन डेव्हिसचा घोळही तसाच. एक मिसिसिपीचा, फुटून निघालेल्या दक्षिणेचा अध्यक्ष. दुसरा इंडियानाचा जेफरसन सी. डेव्हिस, उत्तरेचा सेनापती. एप्रिल १८६१ मध्ये फोर्ट सम्टरवर युद्धाचे पहिले गोळे पडले, तेव्हा हा दुसरा किल्ल्याच्या आत लेफ्टनंट होता आणि गोळे टाकणारं सरकार पहिल्याचं. सप्टेंबर १८६२ मध्ये यानं लुइव्हिलच्या हॉटेलात आपल्याच बाजूचा जनरल विल्यम नेल्सन याला गोळी घालून मारलं आणि खटला न चालता सुटला. पण आपल्या विषयासाठी महत्त्वाची आहे ती २० सप्टेंबर १८६३ ची संध्याकाळ. चिकामॉगाच्या लढाईत टेकडीवर उत्तरेची २१ वी ओहायो रेजिमेंट होती, दारूगोळा संपत आलेला. अंधारात माणसं वर येताना दिसली. कोण आहे, विचारल्यावर उत्तर आलं : जेफ डेव्हिसची माणसं. ओहायोवाल्यांना वाटलं, आपला डेव्हिस कुमक घेऊन आला. ते दक्षिणेचे शिपाई होते. बरीचशी रेजिमेंट तिथंच कैद झाली.

तर ओळखायचं कसं? नाव-आडनावावर थांबायचं नाही. मधलं नाव, राज्य आणि जन्म-मृत्यूची सालं या तीन गोष्टी मिळाल्या की शंभरातल्या नव्वद गाठी सुटतात. फसगत होते ती मधल्या नावापाशी. आपल्याकडे तिथं वडिलांचं नाव असतं, म्हणून आपण तेच गृहीत धरतो. अमेरिकेत तिथं बऱ्याचदा आईचं माहेरचं आडनाव असतं : फ्रँकलिन रूझवेल्टचं डेलानो, जॉन केनेडीचं फिट्झजेरल्ड. कधी तिथं काहीच नसतं. अध्यक्ष हॅरी एस. ट्रूमनचा एस कशाचाच नाही. ग्रँटचाही नाही, त्याचं नाव हायरम युलिसिस, पण १८३९ मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीला शिफारस करणाऱ्या खासदारानं चुकून युलिसिस एस. लिहिलं आणि तेच चिकटलं.

ज्युनियरचा नियम असा : बापलेकांचं पूर्ण नाव अक्षरशः एक असेल तरच मुलगा ज्युनियर. म्हणून धाकटे बुश ज्युनियर नव्हेत. वडील जॉर्ज हर्बर्ट वॉकर, मुलगा नुसता जॉर्ज वॉकर. नातवाला किंवा पुतण्याला तेच नाव दिलं तर दुसरा म्हणतात, जसा ॲडलाय स्टीव्हन्सन दुसरा. त्याचे आजोबा त्याच नावाचे उपाध्यक्ष होते. हा नियम मोडणारेही आहेत. हेन्री कॅबट लॉज ज्युनियर हा मुलगा नव्हे, नातू.

याच लॉजांचं आणि केनेडींचं प्रकरण मला अध्यक्षांच्या योगायोगांपेक्षा कितीतरी रंगतदार वाटतं, कारण इथं नाव वारशासारखं पुढे गेलं आणि भांडणही. १९१६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सिनेट निवडणुकीत थोरल्या लॉजनं बॉस्टनचा माजी महापौर जॉन फिट्झजेरल्ड याला पाडलं. १९५२ मध्ये फिट्झजेरल्डचंच नाव लावणाऱ्या नातवानं, जॉन फिट्झजेरल्ड केनेडीनं, लॉजच्या नातवाला पाडलं. १९६२ मध्ये एडवर्ड केनेडीनं त्या नातवाच्या मुलाला, जॉर्ज लॉजला.

अठराव्या शतकात ज्युनियरपेक्षा गावाचं नाव जास्त कामाचं असे. मेरीलँडमध्ये चार्ल्स कॅरल एवढे होते की स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा स्वतःला कॅरलटनचा चार्ल्स कॅरल म्हणवे. त्याचे वडील अ‍ॅनापोलिसचे चार्ल्स कॅरल. सह्या करणाऱ्यांतला शेवटपर्यंत जगलेला हाच, मृत्यू १८३२. साउथ कॅरोलायनाच्या पिंकनींनी मात्र कुणाचीच सोय पाहिली नाही. १७८७ च्या राज्यघटनेवर चार्ल्स पिंकनी आणि चार्ल्स कोट्सवर्थ पिंकनी अशा दोन सह्या आहेत. भाऊबंद खरे, पण पुढे पक्ष विरुद्ध.

डग्लस मराठीत फार गोंधळ करतात. लिंकनशी १८५८ मध्ये वादसभा करणारा स्टीफन, आणि गुलामीतून निसटलेला वक्ता फ्रेडरिक. इंग्रजीत फ्रेडरिकच्या नावाला शेवटी एक एस जास्त आहे, देवनागरीत तो दिसत नाही. तेव्हा दर वेळी पहिलं नाव लिहा. मॅकार्थींचंही तेच : विस्कॉन्सिनचा जोसेफ कम्युनिस्ट शोधत फिरला, मिनेसोटाचा युजीन १९६८ मध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध उभा राहिला. युजीननं १९५२ मध्ये जोसेफशी जाहीर वादही घातला होता.

राहिला मार्टिन ल्यूथर किंग. ‘किंग घराण्यात हे नाव कुठून आलं’ असं बरेच जण विचारतात. बापलेक दोघंही आधी मायकेल होते. वडील पाद्री, १९३४ मध्ये बर्लिनला बॅप्टिस्टांच्या जागतिक परिषदेला गेले आणि परतल्यावर त्यांनी जर्मन धर्मसुधारकाचं नाव स्वतःला आणि मुलाला घेतलं. १९५९ मध्ये मुंबईच्या मणिभवनात मुक्काम केला तो या मुलानं, वडिलांनी नव्हे. जन्मदाखल्यावर नाव बदललं ते १९५७ मध्ये. त्यामुळे १९३४ आधीच्या कागदांत त्याला शोधायचं असेल तर मायकेल किंग म्हणून शोधा.