‘पासून’ आणि इंग्रजी क्रियापद

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. प्रश्न नेहमीचाच: ‘मी दहा वर्षांपासून मालवणात राहतो’ हे मराठीत बरोबर, मग ‘आय लिव्ह इन मालवण सिन्स टेन इयर्स’ चुकीचं का?

मराठीत मागच्या काळाशी असलेला दुवा ‘पासून’ सांभाळतो, म्हणून ‘राहतो’ला वर्तमानकाळात राहता येतं. इंग्रजीत तो दुवा क्रियापदालाही दाखवावा लागतो. नुसत्या ‘आय लिव्ह इन मालवण’मधून पत्ता कळतो. दहा वर्षं जोडलीत की ‘आय हॅव लिव्ह्ड’ किंवा ‘आय हॅव बीन लिव्हिंग’ हवं. ओळखणं, असणं, मालकीचं असणं यांना मात्र ‘इंग’ लावू नका. लहानपणापासूनच्या ओळखीला ‘आय हॅव नोन हिम’ म्हणायचं, ‘आय हॅव बीन नोइंग’ कधीच नाही.

त्याच वाक्यात दुसरी चूक ‘सिन्स’ची आहे. आपला ‘पासून’ सुरुवातीलाही लागतो आणि मुदतीलाही. इंग्रजीत सुरुवातीला ‘सिन्स’, मुदतीला ‘फॉर’.

1 जूनला मासेमारी बंदी लागते आणि होड्या वर ओढल्या जातात. 1 जुलैला त्यांच्याकडे बघून काय म्हणाल? ‘द बोट्स हॅव बीन ऑन द शोअर सिन्स द फर्स्ट ऑफ जून.’ किंवा ‘फॉर अ मंथ.’ होड्या अजून किनाऱ्यावरच आहेत, म्हणून ‘हॅव बीन’. बंदी उठून त्या पाण्यात गेल्या की तीच गोष्ट ‘द बोट्स वेअर ऑन द शोअर फॉर टू मंथ्स’ होते. मुदत संपली, धागा तुटला, साधा भूतकाळ आला. ‘फॉर’ दिसला की ‘हॅव’ लावायचं, असं पाठ केलेलं इथेच फसतं.

होमस्टे चालवणाऱ्यांनी तर हा फरक नीट ऐकावा. पाहुणा ‘आय ॲम हिअर फॉर टू डेज’ म्हणाला तर त्याचा मुक्काम एकूण दोन दिवसांचा. ‘आय हॅव बीन हिअर फॉर टू डेज’ म्हणाला तर येऊन दोन दिवस झालेत, जाणार कधी ते त्याने सांगितलेलं नाही. खोली पुढच्या माणसाला देण्याआधी ते विचारावं लागेल.

यातच एक सोपी कसोटी आहे. तुमचं वाक्य ‘राहून दहा वर्षं झाली’, ‘काम करून पाच वर्षं झाली’ असं फिरवता येतं आणि ते राहणं, काम करणं आजही चालू आहे? मग ‘हॅव’. पण ‘गाडी सुटून दहा मिनिटं झाली’ यातलं सुटणं एका क्षणात उरकलं. तिथे ‘द ट्रेन लेफ्ट टेन मिनिट्स अगो’.

उलटी चूकही तितकीच होते. ‘तो काल मुंबईहून आलाय’ आपण सहज म्हणतो, आणि त्यावरून ‘ही हॅज कम यस्टरडे’ होतं. काल, गेल्या शिमग्याला, 1998 साली, असा संपलेला काळ वाक्यात आला की ‘हॅज’ काढा: ‘ही केम यस्टरडे.’ ‘काल’ गाळलात तर ‘ही हॅज कम’ चालेल.

आणि आजोबा ओटीवर बसलेत? ‘बसलेत’मधलं ‘आहेत’ पाहून ‘हॅज सॅट’ लिहू नका. ते आता बसलेल्या स्थितीत आहेत, म्हणून ‘ही इज सिटिंग ऑन द व्हरांडा’.