आमची वाटचाल : पाडव्याआधीचा रॅक

आमचं दुकान बेळगावात, खडेबाजारच्या मागच्या गल्लीत. वह्या, गाईडं, लग्नपत्रिकांचे नमुने, आणि आत शिरल्यावर डाव्या हाताला एक लाकडी रॅक, तो बारक्या पोरांच्या चित्रपुस्तकांचा. शिमग्याच्या आधीपासून पाडव्यापर्यंत त्या रॅकवर फक्त वसंताची पुस्तकं असतात. आमच्या बाजूला हे आम्ही सुरू केलं, आणि मुद्दाम लिहून ठेवतोय कारण नंतर दुसऱ्यांनीच ते आपलं म्हणून सांगितलंय. त्याचं पुढे येतंच.

सुरुवात ताडपत्रीवर झाली. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशी गावोगावची साहित्य संमेलनं थंडीत असतात ना, तिथे स्टॉल लावायचो. मोठी माणसं कादंबरी उलटीपालटी करून किंमत बघायची, "येतो परत" म्हणून चहाला जायची, आणि त्यांची पोरं तिथेच उकिडवी बसून चित्रं बघत राहायची. शेवटी बाप परत यायचा तो पोराला उचलायला, आणि पोरगं पुस्तक सोडायचं नाही. धंदा तिथे दिसला.

आता यातली खरी अडचण कॅलेंडरची. पुण्या-मुंबईचे प्रकाशक मे महिन्याच्या सुट्टीचा हिशोब धरून माल काढतात, त्यांच्या शाळा तोवर चालतात. आमची कर्नाटकातली शाळा साधारण दहा एप्रिलला बंद, पोरं आजोळी. मग पळस, आंब्याचा मोहोर, कोकीळ असलं सगळं पुस्तक मे महिन्यात घेऊन मी काय वळिवाच्या पावसात विकू? म्हणून आम्ही मार्गशीर्षातच जुन्या याद्या काढून बसतो. ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम, भोपाळचं एकलव्य, चेन्नईचं तूलिका, ज्याचं जे मिळेल त्याची एकेक नमुना प्रत आधी मागवायची, आणि नंतरच ऑर्डर. नुसत्या कव्हरच्या फोटोवर ऑर्डर टाकणाऱ्यांनी पुस्तकाच्या धंद्यात येऊ नये, साबण विकावा.

नमुना आला की मी आधी झाड बघतो. पळस फुलतो तेव्हा अंगावर पान जवळजवळ नसतं. चित्रात हिरव्यागार पानांत केशरी फुलं खोचली असतील तर चित्रकाराने पळस बघितलेला नाही, पुस्तक बाजूला. एकाच फांदीवर मोहोर पण आणि पिकलेला आंबा पण, बाजूला. खानापूरकडचं पोरगं रोज रस्त्याने काटेसावर बघतं, खाली पडलेली जाड लाल फुलं गोळा करून भातुकलीचा खेळ मांडतं, त्याला तुम्ही फसवू शकत नाही. कोकीळ नर काळा आणि कुहू कुहू ओरडतो तो नरच, मादी तपकिरी, ठिपक्यांची. हे चित्रात बरोबर असेल तर मी ते पुस्तक चार ओळी बऱ्या नसल्या तरी घेतो. दोन-तीन वर्षांच्या पोराला एका पानावर एक वाक्य पुरे, मोठ्याने वाचून दाखवताना दम लागला तर ते पुस्तक पोरासाठी नाही, आईबापासाठी आहे. आणि बिनशब्दांची पुस्तकं जास्त ठेवा. आमच्या गल्लीत एका घरात पाडवा, शेजारच्या घरात युगादी, एकीकडे कडुनिंबाची चटणी, दुसरीकडे बेवू-बेल्ल म्हणजे कडुनिंब-गूळ, चित्र मात्र दोन्ही घरांत चालतं.

दुसरी तपासणी बांधणीची, ती आमच्या बेळगावातल्याच शहापूरच्या मामांनी शिकवली. मामा नात्याने कोणी नाहीत, बाइंडर, माझ्याआधी माझ्या वडिलांच्या वह्या शिवायचे. बेळगावात धुळवडीला रंग आणि शहापुरात रंगपंचमीला, त्यामुळे सणाच्या आठवड्यात आम्हा दोघांचं काम एकाच दिवशी कधी बंद पडलं नाही. मामा पुस्तक हातात घेऊन पहिल्यांदा मधलं पान उघडायचे आणि पिनेवर नख फिरवायचे. आमच्या पावसात पिन गंजते, गंजली की पान पिवळं पडतं आणि बारकं पोरगं ती पिन उपसून तोंडात घालतं. "मालक, पिनेचं नको घेऊ गा, पोरं खातेत." मग विकायच्या आधी मामा पिना काढायचे, दाभणाने तीन भोकं, मेण लावलेला दोरा, गाठ आतल्या बाजूला. बाकी पुस्तकांच्या खळीत कसर लागू नये म्हणून ते चिमूटभर मोरचूद घालायचे, पण चित्रपुस्तकांची खळ वेगळ्या डब्यात, बिनमोरचुदाची, कारण ते विष आहे आणि ही गिऱ्हाईकं पुस्तक आधी चाटतात, मग बघतात. त्या डब्याला दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत.

रॅक चालायला लागला आणि समोरच्याला पोटदुखी झाली. नाव घेत नाही, गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. त्याने किलोवर मिळणारी परदेशी उरलेली पुस्तकं आणली, बर्फ वितळतोय, ट्यूलिप, रंगवलेली अंडी, ससे, बटण दाबलं की गाणं. कागद गुळगुळीत, किंमत माझ्यापेक्षा कमी, दारातच टांगली आणि वर बोर्ड, वसंत महोत्सव. शब्दसुद्धा माझ्या बोर्डावरचा! त्यावर थांबला नाही, ज्या शाळेला मी वर्षानुवर्षं बक्षिसांची पुस्तकं द्यायचो तिथे जाऊन आतल्या आत काय ठरवलं देव जाणे, माझी ऑर्डर गेली आणि आधीचं बिलसुद्धा लटकलं. शाळेला उधारी मार्चपुढे नेऊ नका, नवीन पोरांनो, मार्च संपला की हेडमास्तर बदलतात आणि नवीन हेडमास्तरांना जुनं बिल कधी सापडत नाही.

त्यात २०१९ चा ऑगस्ट. त्या पावसात तळघरात पाणी शिरलं, आर्ट पेपर एकदा भिजला की पानं एकमेकांना अशी चिकटतात की वाळवून उपयोग नाही, रद्दीवालापण भाव पाडतो. कर्ज काढून पुढच्या वसंताचा माल भरला, रॅक सजला, आणि २५ मार्च २०२० ला, बरोबर पाडव्याच्या दिवशी, लॉकडाऊन. आख्खा सीझन कुलपाआड. बायको म्हणाली दुकान भाड्याने देऊ. मोबाईल कव्हरवाला विचारायला आलापण होता.

तेव्हा खानापूर तालुक्यातल्या एका बालवाडीच्या बाईंचा फोन. या बाई सुरुवातीपासूनच्या, दरवर्षी बसने यायच्या, रॅकपुढे खाली बसून प्रत्येक पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचायच्या, दुकानात गिऱ्हाईक असो नसो, आणि मग घासाघीस न करता घ्यायच्या. म्हणाल्या, "दादा, पोरं घरात बसून वैतागलीत, दुधाची गाडी चालू आहे, तिच्यात गठ्ठा टाका, पैसे हप्त्याने देते." टाकला. त्यांनी ती पुस्तकं घरोघर फिरवली, एका घरातून दुसऱ्या घरात, दोन दिवस उन्हात ठेवून. पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावच्या बाईंचा फोन, मग तिच्या बहिणीचा. पैसे तुकड्यातुकड्याने आले पण सगळे आले. बँकेचा हप्ता त्यावर गेला, कव्हरवाल्याला नाही म्हणून सांगितलं.

त्यानंतरची वर्षं बरी चाललीत, त्यात सांगण्यासारखं काय नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सीमेवरून वाद पेटला, एसटी बंद, कोल्हापूरचं पार्सल अडकलं, तेवढंच. मामांचे डोळे आता साथ देत नाहीत, शिवायचं काम त्यांची सून करते, आणि दोरा मामांपेक्षा घट्ट ओढते.

समोरच्याने परदेशी गठ्ठे बंद केलेत, बटणांचे सेल संपले की पोरं बघतपण नाहीत. गेल्या होळीला त्याच्या दुकानातला पोरगा आमच्याकडे आला, मालकाच्या नातीला पळसाचं पुस्तक पाहिजे म्हणाला. दिलं, चांगल्या कागदात बांधून. डिस्काउंट मागितला, तो नाही दिला.

यंदाचा माल शिमग्याच्या आधी रॅकवर लागेल. बिनशब्दांच्या प्रती कमी आल्यात, बालवाडीवाल्यांनी आधी फोन करून यावं, आणि शाळांनी मागचं बिल घेऊन यावं.