अस्त्राय फट्

शेजारच्यांचा नातू साडेतीन वर्षांचा आहे. मंगळवारी दुपारी तो जिन्याच्या कठड्याला टेकून माझ्याकडे बघत होता. मी दारात उभा होतो. छातीवर हात मारला, उजव्या मांडीवर मारला, डाव्या मांडीवर मारला, मग हात मागे नेऊन पार्श्वभागावर एक थाप दिली, डोक्याला हात लावला आणि दार ओढून घेतलं. माझं आटोपल्यावर त्यानं केलं. त्याच क्रमानं. चड्डीला खिसा एकही नव्हता, पण त्यानं त्याचं काही अडलं नाही. शेवटी ओढायला दार नव्हतं म्हणून त्यानं टाळी वाजवली आणि आत पळाला.

मिक्सरचं भांडं दुरुस्तीला न्यायचं म्हणून रविवार कारंज्याला निघालो होतो. पण ती टाळी डोक्यातून जाईना. चष्मा, किल्ली, मोबाईल, पाकीट, हेल्मेट. गेली कित्येक वर्षं मी हे रोज करतो, आणि ते कुणी बघत असेल असं कधी मनातही आलं नव्हतं. खाली पार्किंगपर्यंत आल्यावर आठवलं, ही टाळी आजोबांची.

आमचा वाडा नाशकात, सराफ बाजाराच्या मागच्या अंगाला, गोदावरीपासून चालत पाच मिनिटांवर. माजघराच्या कोपऱ्यात आजोबा संध्येला बसत. आचमन, प्राणायाम यात मला रस नव्हता. न्यास, म्हणजे मंत्र म्हणत एकेका अवयवाला हात लावणं, सुरू झाले की मी सरसावून बसायचो. हृदयाय नमः, हात छातीवर. शिरसे स्वाहा, हात डोक्याला. शिखायै वषट्, हात शेंडीला. ती कधीच गळून गेली होती, तरी तिच्या जागेला मान मिळायचा. कवचाय हुम्, दोन्ही हात खांद्यांवर. नेत्रत्रयाय वौषट्. आणि मग हात डोक्यावरून फिरवून डाव्या तळव्यावर फाडकन टाळी: अस्त्राय फट्! टाळी वाजली की स्वयंपाकघरात आजी चहाचं आधण ठेवायची. मंत्राचा परिणाम असा डोळ्यांनी मी तेवढाच पाहिला.

माझी संध्या कधीच सुटली. पण न्यास बघा कसे टिकलेत. कवच म्हणजे हेल्मेट. नेत्रत्रय तर पंचावन्नाव्या वर्षी अक्षरशः खरं झालंय: जवळचा, लांबचा आणि उन्हाचा. आणि लॅचचं दार ओढून घेतलं की होणारा आवाज तर थेट फट्. आजोबांना देह मंत्रानं बांधून घ्यायचा होता, मला फक्त परत घरात शिरता यावं एवढीच इच्छा आहे. त्यातला एखादा न्यास चुकला की दिवस गेला म्हणून समजा.

वाड्यात मात्र कुणाला असं अंग चाचपत उभं राहिलेलं आठवत नाही. गरजच नव्हती. बाहेरच्या दिंडीदरवाजाला कुलूप लागलेलं मी पाहिलं नाही, कारण वाडा रिकामा कधी नसायचाच. सात बिऱ्हाडं. तुम्ही काय विसरलात ते तुमच्याआधी गॅलरीतल्या तिघींना कळायचं. हल्ली माणसाची स्मरणशक्ती कमी झाली असं सगळे म्हणतात, मोबाईलला शिव्या देतात. मला ते पटत नाही. स्मरणशक्ती तेवढीच आहे, फक्त पूर्वी ती सात बिऱ्हाडांत वाटलेली होती.

आता यात एक अडचण होती, आणि तिचं नाव आजी. निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. ‘कुठे’ विचारायचं नाही. ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. आणि विसरलेली वस्तू घ्यायला माणूस माघारी फिरलाच, तर त्यानं पाटावर टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग जणू पहिल्यांदाच निघतोय असं निघायचं. मग एखादा छत्री विसरून निघालाय हे गॅलरीतून स्पष्ट दिसतंय, आकाश भरून आलंय, आणि हाक मारता येत नाही, तर करायचं काय?

तर मला पळवायचं.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आजी छत्री माझ्या हातात कोंबायची आणि म्हणायची, “पुढून जा रे!” पुढून म्हणजे सरळ पाठलाग करायचा नाही. मागच्या बोळातून, गाईच्या गोठ्यावरून, कासाराच्या दुकानाला वळसा घालून त्या माणसाच्या आधी चौकात पोचायचं, आणि तो येताना दिसला की समोर उभं राहून धापा टाकत म्हणायचं, “काका, छत्री.” म्हणजे मागून कुणी बोलावलं नाही. तो आपला चालत होता, वाटेत त्याला एक मुलगा भेटला, मुलाच्या हातात त्याचीच छत्री होती. शकुन शाबूत. मी अशा छत्र्या पोचवल्या, डबे पोचवले, एकदा एका भाडेकरूच्या दाताची कवळी रुमालात गुंडाळून शालिमारच्या बसस्टॉपपर्यंत पोचवली. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, पाठ फिरवली, बसवली, आणि वळून मला पाच पैसे दिले. त्या दिवशी मी कुणीतरी फार मोठा माणूस होतो.

अण्णांच्या मागे मात्र कधी पळावं लागलं नाही. माझे वडील रेल्वेत, इंजिनावर असिस्टंट, नंतर ड्रायव्हर. ड्यूटी इगतपुरी ते मनमाड. इगतपुरीला तेव्हा गाड्यांची इंजिनं बदलायची, कारण मुंबईकडची वीज वेगळी आणि इकडची वेगळी. इंजिनात दोघं बसलेले. सिग्नल दिसला की एकानं हात करून मोठ्यानं म्हणायचं, “होम हरा”, आणि दुसऱ्यानं स्वतः बघून तेच परत म्हणायचं, “होम हरा.” होम म्हणजे स्टेशनात शिरण्याआधीचा सिग्नल. दोघांना दिसतंय, दोघांना कळतंय, तरी बोलायचं. ह्याला ते कॉल-आउट म्हणत. आणि ज्याला चष्मा आहे त्यानं जवळ दुसरा चष्मा ठेवायचाच, हा नियम. त्यामुळे अण्णांकडे कायम दोन चष्मे असत आणि ते दोन्ही शोधत असत.

हे कॉल-आउट अण्णांनी घरी आणलं. आम्ही कुठे सगळे मिळून निघालो की दारात उभं राहून, एक हात वर करून:

“गॅस?”

आतून आई, “बंद.”

“नळ?”

“बंद.”

“मागची कडी?”

“लावली हो!”

सुरुवातीला आईला हसू यायचं, मग राग यायला लागला, मग काहीच येईनासं झालं. आणि तिथंच घोळ झाला. एका लग्नाला निघालो होतो, सिन्नरला. आई आरशासमोर, तोंडात पिना. “नळ?” “ब्बंद.” नळाला तेव्हा पाणी आलेलं नव्हतं, म्हणजे तोटी उघडी की बंद हे बघितल्याशिवाय कळणार नव्हतं. पाणी दुपारी आलं. संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा खालच्या बिऱ्हाडातल्या वहिनी आमच्या छतातून, म्हणजे त्यांच्या छतातून, गळणाऱ्या धारेखाली परात लावून बसल्या होत्या. त्यांनी एका शब्दानं काही म्हटलं नाही. ते फार वाईट. अण्णा आईला म्हणाले, “तू बघितलंच नाहीस. नुसतं बोललीस.” आई म्हणाली, “तुम्ही तरी कुठे बघितलंत? नुसतं विचारलंत.” यावर रेल्वेच्या नियमपुस्तकात उत्तर नव्हतं.

मुलानं मध्यंतरी जपानमधला एक व्हिडिओ पाठवला. पांढरे हातमोजे घातलेला मोटरमन रिकाम्या हवेत बोट रोखतोय आणि स्वतःशीच ठणकावून बोलतोय. ‘शिसा कांको’ म्हणतात त्याला. तिथल्या रेल्वेच्या संशोधन संस्थेनं १९९४ साली माणसं बसवून तपासलं. काहीच न करता शंभर वेळा काम केलं तर चुका २.३८, बोट दाखवून आणि बोलून केलं तर ०.३८. नुसतं बोलून किंवा नुसतं बोट दाखवून एवढा फरक पडला नाही, दोन्ही लागतं. मी अण्णांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी पूर्ण बघितला, फोन परत दिला. “मग? ह्यात नवीन काय?” आणि थोड्या वेळानं, “आपल्याला हातमोजे दिले नव्हते.”

माझी स्वतःची एक वेगळीच खोड आहे, ती सांगायला थोडी लाज वाटते. बोट दाखवून भागत नाही म्हणून मी गॅसच्या बटणांचा फोटो काढतो. म्हणजे रस्त्यात शंका आली की फोन उघडून बघायचं. मग शंका येते की हा फोटो आजचा की कालचा. म्हणून मी फोटोत त्या दिवशीची भाजी येईल असं बघतो. माझ्या फोनमध्ये अशी शेकडो बटणं आहेत. तो फोन अधूनमधून आपण होऊन जुने फोटो जोडून, त्याला संथ पियानो लावून, आठवणी म्हणून दाखवतो. गेल्या महिन्यात त्यानं मला ‘दोन वर्षांपूर्वी, आजच्या दिवशी’ दाखवलं: सिमल्याचे डोंगर, बायको, बर्फ, गॅसचं बटण आणि गवारीची भाजी. बायको म्हणाली, “गवार चांगली दिसतेय.”

विसरण्याच्या गोष्टीत आमच्या घरी पहिला मान १९६९ चा. सप्टेंबरातला गोदावरीचा महापूर. माझ्या जन्माआधीची गोष्ट, पण इतक्यांदा ऐकलीय की मी तिथं होतोच. नाशकात पूर मोजायचा तो नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, असं लोक एकमेकांना विचारतात, सांगतात. त्या दिवशी मारुती दिसेनासाच झाला आणि पाणी बाजारात शिरलं. वाड्यातली माणसं मिळेल ते उचलून वरच्या पेठांकडे निघाली. आजीनं देवांचा डबा घेतला, शेगडीवरचं दुधाचं पातेलं घेतलं, उतू जाईल म्हणून. तांदळाच्या डब्यात लपवलेल्या पाटल्या तिथंच राहिल्या. आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून तिनं दाराला कुलूप लावलं, ओढून बघितलं, आणि किल्ली कमरेला खोचली.

आजोबा म्हणत, “नदीला कुलूप लावून आली.” सगळे हसत. आजी कधी हसली नाही. म्हणायची, “मग काय दार उघडं टाकून येऊ?” पाटल्या सापडल्या, तांदूळ गेले. कुलूप होतं तसं होतं, दाराची खालची फळी तेवढी वाहून गेली होती.

हे सगळं आठवत गाडी सुरू केली आणि लक्षात आलं, फोटो काढलेला नाही. शेजारच्या नातवाच्या नादात गॅस राहिला. लिफ्ट बंद. चार मजले. घराला मी बाहेरून लॅच ओढून घेतो, पण घर रिकामं नसतं. अण्णा असतात. चौऱ्याऐंशी वर्षांचे, गॅलरीलगतच्या आरामखुर्चीत. आई जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा पुण्याला, बायको शाळेतून पाचला येते. अण्णांना हल्ली मंगळवार की बुधवार ते सांगता येत नाही, मला कधी माझ्या काकाच्या नावानं हाक मारतात.

दार उघडलं. ते जागे होते. मी माघारी आलेला, म्हणून टेकलो आणि पाणी प्यायलो. आजी जाऊन तीस वर्षं झाली तरी ते चुकवायची माझी हिंमत नाही. मग दारात उभा राहिलो, हात वर केला. का केला कोण जाणे.

“गॅस?”

“बंद,” अण्णा म्हणाले. ताबडतोब. खणखणीत. स्वयंपाकघरात त्यांनी पाऊल टाकल्याला चार वर्षं झाली आहेत.

“नळ?”

“बंद.”

“मागची कडी?”

या फ्लॅटला मागचं दारच नाही. अण्णा थांबले. आतल्या दिशेला मान वळवून काहीतरी ऐकल्यासारखं केलं, बराच वेळ.

“लावली म्हणतेय,” ते म्हणाले.

मी स्वयंपाकघरात जाऊन गॅस बघितला, बंदच होता. दार ओढून घेतलं. मिक्सरचं भांडं चपलांच्या स्टँडवर राहिलंय हे शालिमारला कळलं.