विमानातली वीज: बनवण्यापेक्षा तोडणं अवघड

विमानाच्या वीजव्यवस्थेबद्दल बोलणं निघालं की सगळं कौतुक जनरेटरच्या वाट्याला जातं. जनरेटर महत्त्वाचा आहेच, पण माझ्या मते या व्यवस्थेची खरी अक्कल दुसरीकडे आहे: बिघाड झाल्यावर कोणता कॉन्टॅक्टर (विजेचा मोठा स्विच) उघडायचा, म्हणजे वीज तोडायची, किती वेळ थांबून उघडायचा आणि त्यानंतर कोणता अजिबात जोडला जाऊ द्यायचा नाही. आधी निर्मिती थोडक्यात उरकू.

बहुतेक जेट प्रवासी विमानांत तीन फेजची, फेज ते न्यूट्रल ११५ व्होल्ट आणि ४०० हर्ट्झची वीज असते. ४०० हर्ट्झ घेण्याचं कारण वजन. फ्रिक्वेन्सी वाढली की ट्रान्सफॉर्मर आणि मोटर यांना लागणारं लोखंड कमी होतं. त्याची किंमत केबलमध्ये मोजावी लागते, कारण रिअ‍ॅक्टन्सही फ्रिक्वेन्सीच्याच प्रमाणात वाढतो. काही दहा मीटरच्या केबलमध्ये ते चालून जातं. कित्येक किलोमीटरच्या लाइनवर चाललं नसतं.

फ्रिक्वेन्सी म्हणजे पोलची संख्या गुणिले आरपीएम, भागिले १२०. चार पोलच्या जनरेटरला ४०० हर्ट्झसाठी १२,००० आरपीएम लागतात, दोन पोलच्याला २४,०००. पण इंजिनाचा वेग आयडलपासून टेकऑफपर्यंत बदलत राहतो. म्हणून मध्ये हायड्रॉलिक ड्राइव्ह बसवतात. त्यातल्या स्वॉशप्लेटचा (तिरप्या चकतीचा) कोन बदलून कमी वेगाला भर घातली जाते आणि जास्त वेगाला लगाम. ड्राइव्ह आणि जनरेटर एकाच खोक्यात असले की त्याला आयडीजी म्हणतात. एअरबस ए३२० आणि बोइंग ७३७ एनजी या दोन्हींत प्रत्येक इंजिनावर ९० केव्हीएचा (किलोव्होल्ट-अँपिअर, क्षमतेचं माप) एक आयडीजी असतो. ९०,००० भागिले (३ गुणिले ११५), म्हणजे पूर्ण लोडला दर फेजमधून सुमारे २६१ अँपिअर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

जनरेटरच्या आत एकाच शाफ्टवर तीन यंत्रं असतात. पीएमजी, म्हणजे कायमचुंबकाचा छोटा जनरेटर, जीसीयूला (जनरेटरवर नियंत्रण आणि देखरेख ठेवणाऱ्या संचाला) वीज देतो. जीसीयू ती डीसी करून एक्सायटरच्या (मुख्य रोटरला वीज देणाऱ्या मधल्या जनरेटरच्या) फील्डला, म्हणजे चुंबकत्व तयार करणाऱ्या गुंडाळीला, पुरवतो. एक्सायटरची एसी शाफ्टवरच फिरणाऱ्या डायोडमधून डीसी होऊन मुख्य रोटरला मिळते. कुठेही कार्बन ब्रश नाही, कारण उंचावरच्या कोरड्या हवेत ब्रश झपाट्याने झिजतात.

पीएमजी जीसीयूला बसपासून (वीज वाटणाऱ्या मुख्य पट्टीपासून) स्वतंत्र ठेवतो, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. त्याचं दुसरं काम कमी सांगितलं जातं. बसवर शॉर्ट झाला की व्होल्टेज कोसळतं. एक्सायटेशन त्याच बसवरून घेतलं असतं तर जनरेटरही लगेच मलूल झाला असता आणि बिघाडातून पुरेसा प्रवाहच वाहिला नसता. मग खालचा, म्हणजे उपकरणाकडच्या वायरवरचा, ब्रेकर (प्रवाह फार वाढला की आपोआप तोडणारा स्विच) ट्रिप कसा होणार? पीएमजीमुळे जनरेटर शॉर्टमध्येही काही सेकंद त्याच्या रेटिंगच्या कित्येक पट प्रवाह ढकलत राहतो, आणि तो मुद्दामच. बिघाडाला पुरेसा प्रवाह मिळाल्याशिवाय योग्य जागचा ब्रेकर उडत नाही.

वाटपाचा नियम सोपा आहे. जनरेटरला स्वतःची बस, दोन बसच्या मध्ये टाय कॉन्टॅक्टर, आणि एका वेळी एका बसला एकच स्रोत. बोइंग ७४७-४०० सारखी मोठी विमानं जनरेटर समांतर चालवतात, पण दोन इंजिनांच्या बहुतेक विमानांत ते टाळतात. नवा स्रोत जोडण्याआधी जुना तोडला जातो. केबिनचे दिवे क्षणभर लुकलुकतात ते यामुळेच. एक जनरेटर गेला की दुसरा दोन्ही बस उचलतो आणि भार जास्त होत असेल तर सगळ्यात आधी गॅली (विमानातलं स्वयंपाकघर) बंद पडते. २८ व्होल्ट डीसीसाठी टीआरयू असतात, म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर एकत्र. त्यांत बहुधा व्होल्टेज नियमन नसतं, त्यामुळे लोड वाढला की व्होल्टेज थोडं उतरतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आता मुख्य भाग. जीसीयू सतत पाहत असतो: व्होल्टेज जास्त किंवा कमी, फ्रिक्वेन्सी जास्त किंवा कमी, एखादी फेज तुटली आहे का, फेजचा क्रम बरोबर आहे का, प्रवाहात फरक आहे का. प्रत्येकाला वेगळा विलंब आहे आणि त्या विलंबांतच सगळं शहाणपण आहे.

ओव्हरव्होल्टेजला विलंब उलट्या प्रमाणात असतो. थोडं जास्त असेल तर जरा थांबायचं, फार जास्त असेल तर लगेच तोडायचं, कारण उपकरणं मिलिसेकंदांत जळतात. अंडरव्होल्टेजला मात्र काही सेकंद वाट पाहायची असते. खाली कुठेतरी शॉर्ट झाला तर व्होल्टेज उतरणारच, आणि त्या वेळात खालच्या ब्रेकरने आपलं काम करावं अशी अपेक्षा असते. जीसीयूने घाई केली तर एका फॅनच्या शॉर्टपायी अख्खी बस जाईल. इंजिन बंद करताना व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी दोन्ही घसरतात, तेव्हा हा बिघाड समजला जाऊ नये म्हणून कमी वेगाला ही ट्रिप अडवून ठेवलेली असते. वेग जीसीयूला पीएमजीच्या फ्रिक्वेन्सीवरून कळतो.

डिफरन्शियल संरक्षण सगळ्यात सुंदर. जनरेटरच्या न्यूट्रल बाजूला एक सीटी (प्रवाह मोजणारा ट्रान्सफॉर्मर) संच, बसच्या बाजूला दुसरा. जेवढा प्रवाह इथून निघाला तेवढाच तिथे पोचायला हवा. नाही पोचला तर मधल्या फीडरमधून (जनरेटर ते बस या केबलमधून) तो कुठेतरी फ्रेमला गळतोय. इथे वाट बघण्यासारखं काहीच नसतं, कारण दोन्ही सीटींच्या मध्ये दुसरा कोणताही ब्रेकर नाही. फील्ड तोडा, कॉन्टॅक्टर उघडा.

पण शॉर्ट बसवरच असेल तर? जीसीयूने आपला कॉन्टॅक्टर उघडला, बस मेली, आणि टाय कॉन्टॅक्टरने इमानदारीने दुसरा जनरेटर त्या मेलेल्या बसला जोडला, तर चांगला जनरेटरही त्याच शॉर्टमध्ये ओढला जाईल. म्हणून ओव्हरकरंटने ट्रिप झाली की टाय लॉक होतो. बस गेली तर जाऊ दे, दुसरी बाजू वाचव. संपूर्ण व्यवस्थेतला मला सगळ्यात आवडणारा निर्णय हाच.

कागदावरचं हे सगळं पाण्यापुढे फिकं पडतं. ७ जानेवारी २००८ रोजी लंडनहून बँकॉकला येणाऱ्या क्वांटासच्या बोइंग ७४७-४०० मध्ये पुढच्या गॅलीचं पाणी खालच्या उपकरणकक्षात उतरलं. वरचं गळतीरोधक आवरण तडकलेलं होतं. पाणी जीसीयूंमध्ये शिरलं आणि चारपैकी तीन एसी बस गेल्या. विमान सुखरूप उतरलं, पण काही उपकरणं बॅटरीवर आली होती. जनरेटर चार असून उपयोग काय, त्यांची डोकी एका छपराखाली असतील तर?

हँगरमध्ये वारंवार भेटणारे दोष मात्र साधे असतात. आयडीजी बदलल्यावर पहिला मोठा लोड येताच डिफरन्शियल ट्रिप झाली तर मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) शोधण्याआधी सीटीची जोडणी बघा. एक सीटी उलटी बसली की प्रवाह वजा होण्याऐवजी बेरीज होतात. फीडरचे दोन फेज अदलाबदल झाले तर क्रमाचं संरक्षण जनरेटर बसला लागूच देत नाही, हे आपलं नशीब. नाहीतर सगळ्या पंपांच्या मोटरी उलट्या फिरल्या असत्या. फीडरचा लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) नीट आवळलेला नसेल तर काय होतं? एक मिलिओहम जादा रोध धरा. २६१ चा वर्ग गुणिले ०.००१, म्हणजे सुमारे ६८ वॅट एका नटाखाली. त्यातून इन्सुलेशन काळवंडतं, रोध आणखी वाढतो, आणि शेवटी एक फेज तुटते. टॉर्क आणि त्यावरची रंगाची रेघ म्हणूनच तपासायची.

आयडीजीच्या तेलाची पातळी इंजिन थांबल्यावर मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबूनच पाहावी. जास्त भरलं तर तेल घुसळून तापतं, कमी असेल तर प्रेशर जातं. दोन्हींचा शेवट कॉकपिटमधल्या आयडीजीच्या बिघाडाच्या दिव्यात. आयडीजी इंजिनापासून डिस्कनेक्ट करायची वेळ आलीच तर इंजिन फिरत असताना करायचं. ए३२० वर ते बटण तीन सेकंदांहून जास्त दाबून ठेवायचं नाही. परत जोडणी फक्त जमिनीवर, इंजिन थांबल्यावर.

बोइंग ७८७ ने हा ड्राइव्हच काढून टाकला. प्रत्येक इंजिनावर २५० केव्हीएचे दोन स्टार्टर-जनरेटर, सुमारे २३० व्होल्ट, आणि फ्रिक्वेन्सी इंजिनाच्या वेगासोबत बदलती. व्होल्टेज दुप्पट केल्याने तेवढ्याच शक्तीला प्रवाह निम्मा लागतो. बदल्यात फ्रिक्वेन्सी सांभाळण्याचा भार लोडवर आणि त्यांच्या कन्व्हर्टरवर पडला.

उरला सर्किट ब्रेकर. तो उपकरणासाठी नाही, वायरसाठी असतो. रेटिंग वायरच्या जाडीवरून ठरतं. औष्णिक ब्रेकर दुप्पट प्रवाहालाही काही सेकंद सहन करतो. वायर घासून फ्रेमला मधूनमधून ठिणगी पडत असेल तर तिची सरासरी त्याच्या मर्यादेत बसते आणि तो स्वस्थ बसतो, जवळचं आवरण मात्र पेटू शकतं. २ सप्टेंबर १९९८ ला कोसळलेल्या स्विसएअर १११ च्या तपासात आगीची सुरुवात अशाच ठिणगीपासून झाली असावी असं आढळलं, आणि ती धातूचा मुलामा असलेल्या इन्सुलेशनच्या आवरणावरून पसरली. ठिणगीची लय ओळखणारे आर्क फॉल्ट ब्रेकर त्यासाठी आले. म्हणून उडालेला ब्रेकर कारण न शोधता पुन्हा दाबायचा नाही. हवेत असताना तर चेकलिस्ट सांगेल तेव्हाच, आणि तेही एकदाच.