जहाजाचं इंधन मोजताना: ताफ्यात डिजिटल यंत्रणा बसवण्याचा माझा अनुभव

जहाज कंपनीत डिजिटल यंत्रणा आणायची म्हटलं की बोलणं थेट सॉफ्टवेअरवर येतं. कोणाचा डॅशबोर्ड चांगला, कोणाचा हवामान पाहून मार्ग सुचवणारा प्रोग्रॅम जास्त हुशार. आमच्या ताफ्यासाठी आम्हीही तिथूनच सुरुवात केली आणि पहिले काही महिने हाती काही लागलं नाही, कारण पडद्यावरचा आकडा जहाजावरच्या माणसांना पटत नव्हता. जो आकडा चीफ इंजिनिअरला पटत नाही, त्याच्या भरवशावर कोणी एक नॉटही (ताशी एक सागरी मैल) वेग कमी करत नाही. मग क्रम उलटा केला: आधी मोजणी, मग माणसं, सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी.

हे टाळता येण्यासारखं राहिलेलंही नाही. ५,००० ग्रॉस टन (जहाजाच्या आकारमानाचं माप) आणि त्यावरच्या जहाजांना २०१९ पासून इंधनाचा वार्षिक हिशोब आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या पद्धतीने द्यावा लागतो. २०२३ पासून त्याच हिशोबावरून जहाजाला ए ते ई अशी कार्बन श्रेणी मिळते. सलग तीन वर्षं डी किंवा एक वर्ष ई आली तर सुधारणेचा आराखडा लिहून तो मंजूर करून घ्यावा लागतो. युरोपीय संघाच्या बंदरांत ये-जा असेल तर उत्सर्जनाचे परवाने विकत घ्यावे लागतात: २०२४ च्या उत्सर्जनाच्या ४० टक्क्यांसाठी, २०२५ च्या ७० टक्क्यांसाठी आणि २०२६ पासून पूर्ण. इंधन मोजण्यातली चूक आता थेट पैशात मोजली जाते.

पहिलं काम म्हणजे जुने नून रिपोर्ट तपासणं. रोज दुपारी जहाजावरून येणाऱ्या या अहवालात वेग, अंतर, हवामान, इंधनाचा खर्च आणि शिल्लक असते. त्यात सगळ्यात जास्त सापडणारी चूक घड्याळाची. पूर्वेकडे जाताना जहाजाचं घड्याळ तासाने पुढे करतात, म्हणजे त्या दिवशी नून ते नून २३ तास होतात. पश्चिमेकडे जाताना २५. खर्च मात्र सरळ २४ ने भागलेला असतो. नुसत्या या एका गोष्टीने दिवसाचा आकडा सुमारे चार टक्के इकडे-तिकडे होतो आणि ऑफिसात कोणाला तरी वाटतं की इंजिन सुधारलं. सगळ्या नोंदी जागतिक प्रमाणवेळेत घ्यायच्या आणि प्रत्यक्ष धावलेल्या तासांनी भागायचं, हा नियम सेन्सर बसवण्याआधीच लागू केला.

मग फ्लो मीटर, म्हणजे पाइपमधून किती इंधन गेलं ते मोजणारं यंत्र. इथे आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता.

जड इंधनाचा मार्ग असा असतो: सर्व्हिस टँक (वापरासाठी तयार इंधनाची टाकी), तिथून सप्लाय पंप, मिक्सिंग टँक, सर्क्युलेटिंग पंप, हीटर, व्हिस्कोसिटी कंट्रोलर, इंजिन, आणि न वापरलेलं इंधन परत मिक्सिंग टँकमध्ये. इंजिनकडे जाणारा प्रवाह प्रत्यक्ष खर्चाच्या कितीतरी पट असतो. मीटर इंजिनच्या तोंडाशी बसवला तर दोन मीटर लागतात, एक जाणाऱ्या आणि एक परत येणाऱ्या पाइपवर, आणि खर्च म्हणजे त्यांची वजाबाकी. समजा तासाला ३ टन जातं, २ टन परत येतं आणि दोन्ही मीटरची चूक अर्धा टक्का आहे. चुका उलट दिशांना पडल्या तर १ टन खर्चात २५ किलोचा फरक येतो, म्हणजे अडीच टक्के. आपण जी बचत शोधतोय ती बऱ्याचदा एवढीच असते. म्हणून मीटर सर्व्हिस टँक आणि मिक्सिंग टँक यांच्यामध्ये, निव्वळ खर्चाच्या पाइपवर हवा. तिथे एकच मीटर पुरतो. फक्त परतीचं इंधन सर्व्हिस टँककडे वळवणारा व्हॉल्व्ह खरोखर बंद आहे ना हे पाहावं लागतं. तो गळत असेल तर तेच इंधन मीटरमधून दोनदा जातं आणि खर्च फुगलेला दिसतो.

दुसरा मुद्दा आकारमान की वस्तुमान. जड इंधन इंजेक्शनपूर्वी १३० अंशांच्या आसपास तापवलेलं असतं आणि दर अंशाला ते सुमारे ०.०७ टक्क्यांनी फुगतं. घनता मात्र बंकर पावतीवर (जहाजात इंधन भरल्याची पावती) १५ अंशांची लिहिलेली असते. लिटर मोजणारा जुना मीटर गरम भागात असेल आणि तापमानाची दुरुस्ती राहून गेली, तर आठ टक्क्यांपर्यंत चूक होते. वस्तुमान थेट मोजणारे कोरिऑलिस मीटर महाग पडतात, पण ही अख्खी भानगड मिटवतात. ते बसवताना पाइपला ताण येऊ देऊ नये, इंजिनची थरथर पोचणार नाही असा आधार द्यावा, आणि बायपास लाइनच्या व्हॉल्व्हला सील लावावं. एका जहाजावर मीटर सलग काही दिवस कमी दाखवत होता. कारण सापडलं ते अर्धवट उघडा राहिलेला बायपास.

जनरेटर आणि बॉयलरसाठी स्वतंत्र मीटर घ्यावेत. अनेक कंपन्या इथे पैसे वाचवतात. मग बंदरात किंवा नांगरावर असताना इंधन नेमकं कुठे जातं हे कळत नाही, आणि नांगरावरचा खर्च कार्बन श्रेणीला सगळ्यात जास्त मारतो, कारण ती कापलेल्या अंतरामागच्या उत्सर्जनावर ठरते: अंतर शून्य, उत्सर्जन चालू.

इंधनाच्या जोडीला शाफ्टवरची (इंजिनपासून प्रोपेलरपर्यंतचा दांडा) पॉवर मोजणं आवश्यक आहे. टॉर्क मीटर म्हणजे शाफ्टवर चिकटवलेले, त्याचा पीळ टिपणारे स्ट्रेन गेज आणि त्यांचा संकेत बिनतारी बाहेर आणणारी कडी. शाफ्टचा पीळ इतका सूक्ष्म असतो की शून्य थोडं जरी सरकलं तरी पॉवरचा आकडा बिघडतो. शून्य लावायची रीत अशी: इंजिन पूर्ण थांबलेलं, जहाज बंदरात, टर्निंग गिअर (थांबलेलं इंजिन हळू फिरवणारी यंत्रणा) लावून शाफ्ट आधी पुढे काही फेरे फिरवायचा, मग तेवढेच मागे, आणि दोन्ही वाचनांची सरासरी शून्य धरायची. बेअरिंगचं घर्षण शाफ्टमध्ये थोडा पीळ अडकवून ठेवतं. एकाच दिशेने फिरवून शून्य घेतलं तर तो पीळ कायमचा हिशोबात शिरतो. सुरुवातीला दर महिन्याला, नंतर तीन महिन्यांतून एकदा हे केलं. पडताळा सोपा आहे. मीटरचा इंधन खर्च भागिले शाफ्टची पॉवर हे उत्तर मोठ्या टू-स्ट्रोक इंजिनसाठी किलोवॅट-तासाला १७० ते १८० ग्रॅमच्या आसपास यायला हवं. १५० आलं तर आनंद मानू नका, एखादा सेन्सर खोटं बोलतोय.

तिसरी दुखरी जागा वेगाची. जीपीएस जमिनीच्या तुलनेतला वेग देतं, जहाजाला प्रतिकार मात्र पाण्याचा होतो. पाण्यातला वेग स्पीड लॉग दाखवतो आणि तो सगळ्यात बेभरवशाचा सेन्सर आहे: तळावरच्या सेन्सरच्या तोंडावर शेवाळ धरतं, खवळलेल्या समुद्रात खालून हवेचे बुडबुडे जातात. आम्ही विरुद्ध दिशांच्या फेऱ्यांमध्ये लॉग आणि जीपीएसचा सरासरी फरक काढत राहिलो. प्रवाह दोन्हीकडून कापला गेला की उरतो तो लॉगचा दोष.

डेटा किनाऱ्यावर पाठवणं त्यामानाने सोपं निघालं. जहाजावर एक लॉगर सगळे संकेत गोळा करतो, जहाजावरच साठवतो आणि पाच मिनिटांच्या सरासऱ्या उपग्रहावरून पाठवतो. जोडणी तुटली तर मागचं नंतर जातं. सेन्सरची नावं पहिल्या दिवसापासून आयएसओ १९८४८ प्रमाणे ठेवावीत, नाहीतर प्रत्येक जहाजाचा कोश वेगळा होतो. लॉगरने इंजिनच्या नियंत्रण यंत्रणेतून फक्त वाचावं, तिला लिहिण्याची वाट असूच नये. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या मालवेअरने मर्स्कसारख्या कंपनीचं कामकाज ठप्प केलं होतं. २०२१ पासून सायबर धोक्यांचा विचार सुरक्षा व्यवस्थापनातच करावा लागतो.

आता माणसं. मीटर चालू झाले आणि टाक्यांतली शिल्लक कागदाशी जुळेना. यामागचं कारण या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं: अनेक चीफ इंजिनिअर थोडं इंधन न दाखवता राखून ठेवतात. पुढे हवामान बिघडलं, बंकरमध्ये माल कमी आला, तर जहाज अडू नये म्हणून. ही लबाडी नव्हे, ऑफिसवर विश्वास नसल्याची खूण आहे. आम्ही प्रत्येक जहाजाला एकदाच, कारण न विचारता, शिल्लक दुरुस्त करण्याची मुभा दिली आणि लेखी कळवलं की यावरून कोणाची चौकशी होणार नाही. सोबत सुरक्षित राखीव साठा उघडपणे ठरवून दिला. त्यानंतरच आकडे जुळायला लागले. हे केलं नसतं तर सगळे सेन्सर वाया गेले असते.

बंकर घेतानाही लक्ष लागतं. हवा मिसळून फेसाळलेलं इंधन टाकीत जास्त दिसतं आणि काही तासांनी बसतं. सिंगापूरमध्ये २०१७ पासून जहाजांना इंधन देताना मास फ्लो मीटर सक्तीचा आहे तो याच प्रकारच्या वादांमुळे. इतरत्र देण्याआधी आणि दिल्यानंतर दोन्ही बाजूंच्या टाक्या मोजायच्या, आणि फेस खाली बसल्यावर पुन्हा एकदा.

मोजणी पक्की झाल्यावर पहिली बचत जनरेटरमधून आली. खुल्या समुद्रात दोन जनरेटर प्रत्येकी ३५ टक्के भारावर चालत होते. एक ७० टक्क्यांवर पुरेसा होता, आणि कमी भारावर डिझेल इंजिन प्रत्येक युनिटमागे जास्त इंधन पितं. दुसरा चालू ठेवण्यामागे ब्लॅकआउटची, म्हणजे जहाजावरची वीज जाण्याची, भीती असते आणि ती रास्त आहे. म्हणून आधी स्टँडबाय जनरेटर आपोआप सुरू होतो हे प्रत्यक्ष करून दाखवलं, मग बदल केला. बंदरात शिरताना आणि अरुंद पाण्यात दोन जनरेटर कायम ठेवले.

नंतर जहाजाचा तळ. त्याच ड्राफ्टला (जहाज पाण्यात किती खोल बुडालंय ते), त्याच पॉवरला वेग किती घटला हे पाहायचं, पण बोफर्ट ४ (वाऱ्याच्या जोराची श्रेणी) पेक्षा जास्त वारा, उथळ पाणी, वळणं असलेले सगळे क्षण गाळून. उरलेल्या बिंदूंचा कल हळूहळू खाली जातो, आणि उबदार पाण्यात लांब मुक्काम झाल्यावर एकदम. तो मोडला की डायव्हरकडून व्हिडिओ मागवायचा. प्रोपेलरचं पॉलिशिंग स्वस्त, ते आधी. तळाच्या सफाईला लेपाप्रमाणे ब्रश निवडावा. कडक ब्रशने शेवाळ रोखणाऱ्या अँटिफाउलिंग लेपाचा थर निघून जातो आणि पुढच्या वेळी शेवाळ दुप्पट घाईने येतं.

खरी मोठी बचत वेगात आहे. पॉवर साधारण वेगाच्या घनात बदलते. मुख्य इंजिन १३ नॉटला दिवसाला २४ टन जाळत असेल तर १२ नॉटला १९ टनांच्या आत येतं. ३,७४४ सागरी मैलांना १३ नॉटने १२ दिवस आणि २८८ टन लागतात. १२ नॉटने १३ दिवस आणि सुमारे २४५ टन. ४३ टन जड इंधन, म्हणजे प्रत्येक टनामागे ३.११४ टन या मान्य गुणकाने सुमारे १३३ टन कार्बन डायऑक्साइड. आणि जहाज एक दिवस लवकर पोचून तो दिवस बंदराबाहेर नांगरावरच काढणार असेल तर हा उशीर फुकट आहे. अर्थात खाली एक मर्यादा येते. इंजिनचा भार फार उतरला की ऑक्झिलरी ब्लोअर (इंजिनला हवा पुरवणारे विजेवरचे पंखे) सुरू होतात, एक्झॉस्टच्या उष्णतेवर पुरेशी वाफ बनत नाही आणि बॉयलर पेटवावा लागतो, टर्बोचार्जर काजळतो. ही मर्यादा प्रत्येक जहाजाची वेगळी असते आणि ती मीटरवरूनच कळते.

पण सॉफ्टवेअरने "हळू चला" म्हटलं आणि कॅप्टनने ऐकलं, इतकं ते सरळ नाही. व्हॉयेज चार्टरमध्ये (एका फेरीसाठी जहाज भाड्याने देण्याचा करार) जहाजाने विनाविलंब जावं असं लिहिलेलं असतं. कॅप्टनने मनाने वेग कमी केला तर तो करारभंग ठरू शकतो, आणि लवकर पोचून आल्याची नोटीस दिली तर लेटाइमचं (माल चढवण्या-उतरवण्यासाठी ठरलेला वेळ) घड्याळ सुरू होऊन पुढे डेमरेजही (तो वेळ उलटल्याची भरपाई) मिळू शकतं. टाइम चार्टरमध्ये (ठरावीक मुदतीसाठी भाड्याने देण्याचा करार) इंधन चार्टररच्या, म्हणजे जहाज भाड्याने घेणाऱ्याच्या, खिशातून जातं आणि तळाच्या सफाईचा खर्च बहुधा मालकावर पडतो. म्हणून बंदराने धक्क्याची वेळ कळवल्यावर वेग कमी करता येईल, आणि लेटाइमसाठी जहाज मूळ वेळेलाच पोचलं असं धरलं जाईल, अशी कलमं करारात घालून घेतली. बचतीची वाटणीही तिथेच ठरवली. युरोपच्या परवान्यांची जबाबदारी जहाज कंपनीवर येते, तेव्हा चार्टररने ते परवाने कधी आणि कोणत्या आकड्यावरून द्यायचे हेही लिहून घ्यावं. माझ्या मते या सगळ्या प्रक्रियेत जास्त टन वाचले ते या कलमांमुळे, कोणत्याही मार्ग सुचवणाऱ्या प्रोग्रॅममुळे नव्हे.

शेवटचा टप्पा पडताळणीचा. युरोपच्या नियमांत मोजणीच्या पद्धती ए ते डी ठरलेल्या आहेत: बंकर पावत्या आणि ठरावीक काळाने साठा, टाक्यांची मोजणी, फ्लो मीटर, थेट उत्सर्जन. आम्ही फ्लो मीटर मुख्य ठेवला आणि पावत्यांचा हिशोब पडताळ्याला. पद्धत बदलायची तर मॉनिटरिंग प्लॅन (मोजणी कशी करणार याचा लेखी आराखडा) सुधारून पुन्हा तपासून घ्यावा लागतो, म्हणून मीटर दोन-तीन महिने समांतर चालवल्यावरच प्लॅनला हात लावावा. पडताळलेला अहवाल ३१ मार्चपर्यंत आणि परवाने ३० सप्टेंबरपर्यंत जमा व्हावे लागतात. हिशोब अडतो तो वर्षाच्या शेवटी समुद्रात असलेल्या जहाजांवर. त्यांच्यासाठी ३१ डिसेंबरच्या रात्री, प्रमाणवेळेच्या बाराच्या ठोक्याला, सगळ्या टाक्या मोजून प्रत्येक मीटरच्या एकूण आकड्याचा फोटो काढायचा आणि दोन्ही दुसऱ्या दिवशीच्या नून रिपोर्टसोबत पाठवायचं, अशी सूचना डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच जहाजावर गेलेली असते.